ऑगस्टीनची पत्रं वाचताना

सुरुवात १८५ व्या पत्रानं करू नका. मी केली होती, आणि उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा हा बिशप मला सरळ जुलमी वाटला. आधी ९३ वं घ्या, साधारण ४०८ सालचं. त्यात तो स्वतःच कबूल करतो की, धर्माच्या बाबतीत सक्ती कुणावरच नको असं त्याचं आधी मत होतं. ते बदललं आपल्याच गावाकडे बघून. सगळं गाव डोनाटिस्ट, म्हणजे कॅथलिक चर्चपासून फुटलेल्या ख्रिस्ती पंथाचं होतं, सम्राटाच्या कायद्यांच्या धाकानं कॅथलिक झालं. इथे पेन्सिलीनं खूण करा. हा अनुभव आहे, म्हणून खोडायला अवघड.

मग लूक १४:२३ उघडा, मेजवानीचा दाखला. आमंत्रित येत नाहीत, तेव्हा रस्त्यांवर, कुंपणांपाशी भेटतील त्यांना आत यायला भाग पाड, असं यजमान नोकराला सांगतो. या वाक्याची सरकारी सक्ती कशी झाली, ते आता १८५ मध्ये शोधा.

१३३ वं मात्र सावकाश. धर्मगुरूचा खून झालाय, डोनाटिस्ट आरोपींनी कबुली दिलीय, आणि ऑगस्टीन मार्सेलिनस या रोमन अधिकाऱ्याला विनवतोय: देहदंड नको, अवयव तोडू नका. पण कबुली लोखंडी आकड्यांनी अंग फाडून नव्हे, छड्या मारून मिळवली, याचं कौतुकही तिथेच. छडी काय, मास्तर, आईबाप, बिशपसुद्धा वापरतात म्हणे! माझी वही या ओळीवर तीन दिवस उघडी पडून होती.