हळदीचं जेल जखमेवर तपासताना

एम. फार्म.च्या (औषधनिर्माणशास्त्रातल्या पदव्युत्तर) प्रबंधात हळद आणि जखम एकत्र आली की प्रस्तावनेत जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकेतलं पेटंट येणारच. ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या भारताच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. अभिमानाची गोष्ट खरी, पण तुमच्या प्रयोगाला तिचा आधार नाही. तिथे सिद्ध झालं ते एवढंच, की जखमेवर हळद लावणं भारतात आधीपासून माहीत होतं. हळदीने जखम किती लवकर भरते, हा प्रश्न तिथे नव्हताच. तो आता तुमच्यापुढे आहे, आणि नीट आखणी केली नाही तर त्याचं उत्तर कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, देत नाही. जेलचा बेस, रॅटची कातडी आणि मोजणाऱ्याचा डोळा देतात.

पहिलं काम कागदाचं. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीच्या मंजुरीशिवाय एकाही रॅटला हात लावता येत नाही. समितीच्या बैठका दर महिन्याला होत नाहीत, म्हणून मंजुरीचा अर्ज, म्हणजे फॉर्म बी, तिसरं सत्र सुरू होण्याआधीच तयार ठेवा. प्रत्येक गटात किती रॅट आणि का, हे त्यात लिहावं लागतं. ‘सगळे सहाच घेतात’ हे कारण नाही. आधीच्या कामातला फरक आणि विचलन घेऊन संख्या काढा. भूल देण्याचं केटामिन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतं. खरेदी, कुलूप आणि नोंदवही यांची व्यवस्था प्राणिगृहाकडे आहे का, तेही तेव्हाच विचारा.

मंजुरी येईपर्यंत जेल पक्कं करा. १०० ग्रॅमसाठी कार्बोपोल ९४० (पाण्यात फुगून जेल करणारी पूड) एक ग्रॅम, कर्क्युमिन एक ग्रॅम, प्रोपिलीन ग्लायकॉल १० ग्रॅम, मिथाइल पॅराबेन ०.२ ग्रॅम, बाकी पाणी. कार्बोपोल ढवळत्या पाण्यावर चिमटीचिमटीने भुरभुरायचं. एकदम ओतलं तर बाहेरून फुगलेल्या आणि आतून कोरड्या गाठी होतात, त्या नंतर कितीही ढवळा, मोडत नाहीत. रात्रभर भिजू द्या. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून घातलं तरी पाण्यात गेल्यावर त्याचे स्फटिक खाली बसतात. म्हणून ते खलात प्रोपिलीन ग्लायकॉलबरोबर बारीक घोटून मगच मिसळा, आणि प्रबंधात ‘विरघळलेलं’ असं लिहू नका. ते विखुरलेलं असतं. थेंबभर जेल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की कण दिसतात.

आता ट्रायइथेनॉलअमाइन. ते चुन्यासारखंच आम्लारीधर्मी असतं. त्याने जेल घट्ट होतं, आणि इथेच बहुतेकांचं पहिलं जेल वाया जातं. हळदीत चुना कालवला की कुंकू लाल होतं, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. प्रयोगशाळेत मात्र विसरायला होतं. थेंब पडला त्या जागी पीएच क्षणभर चढतो आणि पिवळ्या जेलमध्ये तपकिरी-लाल रेघ उमटते. ढवळल्यावर रेघ जाते, पण आम्लारीत कर्क्युमिन झपाट्याने मोडतं, त्यामुळे रंग परत आला म्हणजे सगळं कर्क्युमिन शाबूत आहे असं नाही. उपाय सोपा आहे: आधी रिकामा बेस पीएच ६ ते ६.५ पर्यंत आणून घट्ट करा आणि कर्क्युमिन शेवटी मिसळा. डबी अपारदर्शक हवी, कारण उजेडातही ते टिकत नाही. वरून, मधून आणि तळातून नमुने घ्या, मिथेनॉलमध्ये काढून ४२५ नॅनोमीटरला शोषण मोजा. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर जेल पुन्हा घोटा. आणि हो, बाजारात ‘कर्क्युमिन’ म्हणून मिळतं ते बहुधा तीन कर्क्युमिनॉइड्सचं, म्हणजे एकमेकांसारख्या संयुगांचं, मिश्रण असतं. बाटलीवरची शुद्धता प्रबंधात लिहा.

पेशींवरचं काम करायचं असेल तर पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मागवता येतात. ओरखडा चाचणीत (पेशींच्या थरावर ओढलेली रेघ किती लवकर भरते ते पाहताना) पेशी वाढवणारं सीरम कमी ठेवा, नाहीतर पेशी सरकल्या की वाढल्या हे कळत नाही. एमटीटी, म्हणजे पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून पाहायची चाचणी, करताना पेशी नसलेल्या कप्प्यातही कर्क्युमिन घालून पाहा. अशी संयुगं एमटीटीचा रंग स्वतःच बदलू शकतात.

गट ठरवताना सगळ्यात महत्त्वाचा गट रिकाम्या बेसचा. ओल धरून ठेवली की जखमेवर नवी त्वचा लवकर चढते, हे १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दिसलं होतं. कार्बोपोलचं जेल म्हणजे बहुतांश पाणीच. काहीच न लावलेल्या गटाशी तुलना केली तर जवळजवळ कुठलंही जेल जिंकेल. तुमची खरी तुलना कर्क्युमिन-जेल विरुद्ध रिकामं जेल, हीच. प्रमाण औषध म्हणून पोव्हिडोन आयोडीन घ्यायची पद्धत आहे, पण ते जंतुनाशक आहे आणि जास्त तीव्रतेला फायब्रोब्लास्टनाही, म्हणजे जखम भरणाऱ्या पेशींनाही, त्रास देतं. त्याला हरवलं म्हणजे फार काही केलं असं आम्ही मानत नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी केस मशिनने काढा. केस काढायच्या क्रीमने कातडी आधीच लाल होते. केटामिन ८० आणि झायलाझिन १० मिलिग्रॅम प्रतिकिलो पोटात इंजेक्शनने दिल्यावर रॅट गार पडतो, म्हणून खाली उबदार पॅड हवा. डोळे उघडे राहतात, त्यात मलम घाला. वेदनाशामक पशुवैद्यांना विचारून, पण सर्व गटांना सारखंच. जखम दोन खांद्यांच्या मध्ये, मानेजवळ करा. पाठीवर खाली केली तर रॅट वळून जेल चाटतो. ५०० चौरस मिलिमीटरचं वर्तुळ म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर व्यास. कातडी कापली की ताणाने कडा मागे सरकतात आणि जखम आखलेल्या वर्तुळापेक्षा मोठी होते. शून्याव्या दिवसाचं क्षेत्रफळ म्हणून आखलेला आकडा लिहू नका, कापल्यानंतर मोजा. पिंजऱ्यात एकेकटेच ठेवा, नाहीतर एकमेकांच्या जखमा चाटतात. जेल रोज अर्धा ग्रॅम, सुई नसलेल्या सिरिंजने. लावण्याआधी आणि नंतर सिरिंजचं वजन करा.

मोजणीत गोंधळ होतो तो साधारण आठव्या दिवसापासून. पारदर्शक शीट ठेवून कड गिरवायची, पण कुठली कड? बाहेर केसांच्या कातडीची सीमा, तिच्या आत गुलाबी, चकचकीत नवी त्वचा, आणि मध्ये खपली. आम्ही दोन रेषा काढायला सांगतो: एक केसांच्या कातडीची, दुसरी उघड्या जखमेची. बाहेरची रेषा आकुंचन दाखवते, दोन्हींमधला पट्टा नवी त्वचा. हे वेगळं करणं गरजेचं आहे, कारण रॅटच्या कातडीखाली पातळ स्नायूंचा थर असतो आणि त्याची जखम मुख्यतः ओढून बंद होते. माणसाची जखम भरण्यात नव्या उतींचा आणि नव्या त्वचेचा वाटा मोठा असतो. सिलिकॉनचं कडं शिवून आकुंचन रोखायची पद्धत २००४ मध्ये माऊसवर मांडली गेली; जमलं तर करा, मात्र कडी निघतात, रोज तपासावी लागतात.

टक्केवारी प्रत्येक रॅटच्या स्वतःच्या शून्याव्या दिवसावरून काढा: ५१२ ची २१० झाली तर आकुंचन ५९ टक्के. खपली ओढू नका. ती आपोआप पडून खाली ओली जखम उरत नाही, तो दिवस एपिथेलियमचा, म्हणजे नवी त्वचा पुरी चढल्याचा.

पिवळ्या रंगाचं काय करायचं? कर्क्युमिनचा गट खोलीत शिरल्याबरोबर ओळखू येतो, म्हणजे मोजणारा अनभिज्ञ राहत नाही. फोटो काढा, प्रत्येकात मोजपट्टी आणि सांकेतिक क्रमांक ठेवा, रंग काढून करड्या छटेत बदला आणि प्रयोगाशी संबंध नसलेल्या मित्राकडून इमेजजे या संगणक प्रोग्रॅममध्ये मोजून घ्या. मूळ कड गिरवलेल्या शीट्सही ठेवा. दोन्हींत फरक पडला तर तो कुठल्या गटात पडला, ते पाहण्यासारखं असतं.

आकडेमोडीत एकक रॅट आहे, जखम नाही. एका रॅटवर दोन जखमा केल्या म्हणून संख्या दुप्पट होत नाही. ऊतीचा तुकडा काढताना दोन्ही बाजूंची निरोगी कातडी धरून आडवा काढा, कागदावर सपाट चिकटवून मगच दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये टाका, नाहीतर तो गुंडाळतो आणि कापात कड सापडत नाही. कोलॅजन दिसण्यासाठी मॅसन ट्रायक्रोम हा रंग पुरतो. फ्लुरोसन्स (चमकणाऱ्या रंगांनी तपासणी) करणार असाल तर रंग न लावलेला एक काप जोडीला हवाच, कारण कर्क्युमिन स्वतःच हिरवं चमकतं.