बंदूक घेऊन विमानप्रवास: घरातून निघतानाच होणाऱ्या या चुका टाळा

ते काडतूस माझ्या खांद्यावरच्या पिशवीत कधी राहिलं, मला आजही सांगता येत नाही. चोपडा तालुक्यातल्या आमच्या शेतात रानडुकरं मक्यात शिरली की आबा बाराबोर बंदूक घेऊन राखणीला जायचे आणि हाताला लागेल ती पिशवी सोबत न्यायचे. तीच पिशवी मी मुलीच्या शूटिंग स्पर्धेला निघताना उचलली. मुलीची पॉइंट टू-टू रायफल, तिची काडतुसं, परवाना, सगळं नियमाप्रमाणे जमा झालं होतं. एक्स-रे मशीनवर अडकलो तो मी. आतल्या चोरकप्प्यातून एक लाल काडतूस निघालं. बंदूक आबांची, परवाना आबांच्या नावाचा आणि पिशवी माझ्या खांद्यावर. विमान चुकलं, जबाब झाला आणि पुढचे काही महिने पोलीस ठाण्याच्या खेपा झाल्या. फोनवर आबा एवढंच म्हणाले, "भाऊ, हाई काय शे?" त्यांना रात्रभर झोप लागली नाही.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच: शेतावर किंवा रेंजवर वापरलेली पिशवी, जॅकेट, पँट प्रवासाला नेणं. शूटिंग जॅकेटच्या खिशात, बुटांच्या पिशवीत, गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बॅगेत एखादा राउंड राहतोच. निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक पिशवी उलटी करून झटका, अस्तर चाचपून पाहा. रिकामं कवच सापडलं तरी चौकशी होतेच. माझं ऐकाल तर प्रवासाची पिशवी वेगळीच ठेवा आणि ती घरातल्या कुणालाही शेतावर नेऊ देऊ नका.

तरीही असं काही निघालंच, तर ते लपवू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. परवाना कुणाचा, बंदूक कोणत्या बोअरची, पिशवी कुठे वापरली होती, हे सरळ सांगा आणि वकिलाला फोन लावा. वस्तू आपल्याकडे आहे याची जाणीव असणं हा शस्त्र कायद्याखालच्या ताब्याचा गाभा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच गुणवंतलाल खटल्यात म्हटलं आहे. अनवधानाने राहिलेल्या एका काडतुसाचे गुन्हे उच्च न्यायालयांनी याच आधारावर रद्दही केले आहेत. पण तिथवर पोचेपर्यंत माणूस खचतो.

परवान्याची हद्द वाचलीच जात नाही

आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, ठरावीक अपवाद सोडले तर, बंद आहे. त्यामुळे खान्देशातून विमानाने बंदूक नेणारे बहुतेक लोक स्पर्धेला निघालेले नेमबाज असतात. खेळाडूंच्या घरी परवाना असतो, पण तो किती मुलखात चालतो ते कुणी पाहत नाही. परवान्यावर 'महाराष्ट्र राज्य' लिहिलं असेल, तर दिल्लीच्या कर्णीसिंग शूटिंग रेंजवर किंवा भोपाळच्या शूटिंग अकादमीत ती रायफल नेता येत नाही. 'संपूर्ण भारत' अशी नोंद हवी. ती करून घ्यायला जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. स्पर्धेची तारीख लागल्यावर धावपळ करून हे काम होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली, तेव्हापासून नूतनीकरणाची तारीख विसरणारेही वाढले आहेत.

परवान्याची मूळ प्रतच न्या. मोबाईलमधला फोटो चालत नाही. नळीवरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर एकेक आकडा लावून पाहा. स्पर्धेचं निमंत्रणपत्रही त्याच फाईलमध्ये ठेवा.

तिकीट काढलं की कंपनीला कळवा. सगळ्याच विमान कंपन्या शस्त्र नेतात असं नाही, आणि नेतात त्यांनाही पूर्वसूचना, मंजुरी आणि शुल्क लागतं. जळगावहून उडणारी विमानं लहान, एटीआर जातीची असतात. रायफलची पेटी मात्र चार फुटांच्या आसपास भरते. पेटीची लांबी-रुंदी आणि वजन आधीच कळवून लेखी होकार घ्या. मुंबई, इंदूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून जाणाऱ्यांनीही हेच करावं. वाटेत विमान बदलायचं असेल आणि तिकिटं वेगवेगळी असतील, तर पेटी मधल्या विमानतळावर ताब्यात घेऊन पुन्हा जाहीर करावी लागते. तेवढा वेळ हाताशी ठेवा.

पेटी आणि काडतुसं

रायफल रिकामी, बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा दांडा) काढलेला, कडक पेटीत, कुलूप लावलेलं, चावी तुमच्या खिशात. काडतुसं रायफलपासून वेगळी, सुटी नव्हेत तर कंपनीच्या मूळ खोक्यात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार खोक्यासकट माणशी पाच किलोची मर्यादा आहे. दोघांचा वाटा एकाच खोक्यात घालता येत नाही. पॉइंट टू-टूवाल्यांना पाच किलो पुष्कळ होतात, कारण पाचशे राउंड जेमतेम पावणेदोन किलो भरतात. बाराबोरच्या पंचवीस काडतुसांचं खोकं मात्र एक किलोच्या आसपास असतं, म्हणजे पाच खोक्यांत मर्यादा संपली. काही कंपन्या संख्याही ठरवून देतात, तेव्हा ती आधी विचारा.

एअर रायफलवाले बेसावध राहतात. परवाना लागत नसला तरी विमानतळावर ते शस्त्रच असतं, त्यामुळे जाहीर करावंच लागतं. हवेचा सिलिंडर पूर्ण रिकामा करा आणि तो रिकामा आहे हे दिसेल असा ठेवा. सुटी दारू, ठासणीच्या बंदुकीच्या टोप्या, डुकरं हुसकायला आणलेले सुतळी बॉम्ब, नळी पुसायची रॉकेलची बाटली यांतलं काहीही हातातल्या किंवा जमा करायच्या सामानातून जात नाही. शेतकऱ्याच्या घरात या वस्तू एकाच फडताळात असतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

विमानतळावर

घरून वेब चेक-इन केलं म्हणून सामानाच्या यंत्राकडे जाऊ नका. काउंटरवरच जा आणि तीन तास आधी पोचा. पेटी पट्ट्यावर ठेवण्यापूर्वीच सांगा: "स्पोर्ट्स वेपन आहे, जाहीर करायचं आहे, परवाना सोबत आहे." पेटी स्वतः होऊन उघडू नका, सुरक्षा कर्मचारी बाजूला नेतील तिथेच उघडा.

समजा, कंपनीने ऐनवेळी नाही म्हटलं. मग सोडायला आलेल्या ड्रायव्हरबरोबर किंवा भाच्याबरोबर रायफल घरी पाठवायची, असं कुणालाही सुचतं. तसं करू नका. ज्याच्या नावावर परवाना नाही किंवा परवान्यात रिटेनर म्हणून (म्हणजे परवानाधारकाच्या वतीने शस्त्र बाळगणारा म्हणून) ज्याचं नाव नाही, त्याच्या एकट्याच्या हाती ती असणं हाच गुन्हा ठरतो. परवानाधारकाने स्वतः रायफलीसोबत परतावं, नाहीतर ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. आमच्या ओळखीचे कित्येक नेमबाज भुसावळहून रेल्वेने दिल्ली गाठतात. रात्र जाते, पण रायफल नजरेसमोर राहते.

उतरल्यावर पेटी बहुधा सामानाच्या पट्ट्यावर येत नाही, सही घेऊन हातात देतात. जागेवरच कुलूप, नंबर आणि खोकी तपासा. मुंबईच्या दमट हवेत नळीला लगेच गंज धरतो, तेव्हा मुक्कामी पोचल्या पोचल्या तेलाचं फडकं फिरवा.