टॅटू पुसून टाकताय? आधी या चुका टाळा

भरतीची जाहिरात आली की पोरांना हातावरचा टॅटू खुपायला लागतो. मग कुणी चुना लावतं, कुणी ॲसिडचे थेंब टाकतं, कुणी मीठ चोळून घासत बसतं. पण शाई कातडीच्या वरवरच्या थरात नसतेच, ती त्याखालच्या थरात बसलेली असते. तिथवर पोचायचं म्हणजे जखमच करायची. जखम भरते, जाड वण उठतो आणि त्यातून अक्षरं पुसट दिसतात ती दिसतातच. छातीवर किंवा खांद्यावर असा वण फुगून वाढतही जातो. ऑनलाइन मिळणाऱ्या क्रीमचंही तेच: सौम्य असेल तर पैसे वाया, कडक असेल तर कातडी भाजते.

मुळात पुसायची गरज आहे का, हे बघायचंच राहून जातं. सैन्यभरतीत हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या पाठीवर टॅटू चालतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठी कोपराखालचा हा आतल्या बाजूचा टॅटू डाव्याच हातावर हवा, कारण सलाम उजव्या हाताने होतो. आकारही त्या भागाच्या पाव हिश्श्याहून लहान हवा. तरी चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

पुसायचाच असेल तर लेझर, आणि तोही त्वचारोगतज्ज्ञाकडे. पार्लरमधलं केस काढायचं मशीन यासाठी नसतं, त्याने भाजून पांढरे डाग पडतात. आपल्या सावळ्या कातडीवरच्या काळ्या शाईला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, तेव्हा मशीन कोणतं हे बिनधास्त विचारा. काळा रंग लवकर हटतो. हिरवा, आकाशी आणि पिवळा मात्र छळतात. ओठांवरचा किंवा भुवयांवरचा कायमस्वरूपी मेकअप तर लेझर लागताच काळा पडू शकतो, म्हणून आधी एका ठिपक्यावर चाचणी करून घ्यायची.

सगळ्यात महागात पडते ती घाई. लेझर शाईचा फक्त चुरा करतो. तो उचलून न्यायचं काम शरीरातल्या पेशी आपल्या गतीने करतात. म्हणून दोन सिटिंगच्या मधे सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात आणि पूर्ण काम व्हायला बहुतेकदा वर्ष उलटतं. ‘दोन सिटिंगमध्ये साफ’ म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

लेझरनंतर जागा पांढरी पडते, ते थोड्या वेळात जातं. फोड आला तर फोडू नका. हळद, टूथपेस्ट काही नको, डॉक्टरांनी दिलेलं मलम आणि हलकी पट्टी पुरे. खपली आपोआप पडू द्या. मैदानावर धावायला जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, कारण उन्हाने तिथे काळे डाग राहतात. रापलेल्या कातडीवर पुढची सिटिंगही करू नये.

जुनं गोंदलेलं नाव झाकायला त्यावर नवा टॅटू गोंदवणाऱ्यांची चूक वेगळीच. काळ्यावर पांढरा किंवा पिवळा मारला की झाकलं जाईल, असं त्यांना वाटतं. शाई भिंतीवरच्या रंगासारखी वर चढत नाही, आतल्या जुन्या शाईत मिसळते. झाकणारं चित्र जास्त गडद आणि बरंच मोठं लागतं. आधी लेझरच्या दोन-तीन सिटिंग करून जुनं फिकं केलं, तर चित्र निवडायला मोकळीक मिळते. सुई मात्र तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेली हवी आणि शाई वेगळ्या कपात ओतलेली. जत्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदतात, तिथे कावीळ बी आणि सी, एचआयव्ही यांचा धोका असतो. नव्या टॅटूनंतर वर्षभर रक्तदानही करता येत नाही.