शाईत सह्याद्री

सह्याद्रीचं निसर्गचित्र शाईत करायचं असेल तर झाडापासून सुरुवात करू नका, खडकापासून करा. आपले डोंगर लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेत. टणक बेसाल्ट उभा कडा होऊन टिकतो, मऊ थर झिजून उतार होतो. वाईतून पांडवगडाकडे पाहिलं की कडा, उतार, पुन्हा कडा अशा पायऱ्या दिसतात. पाचगणीचं पठार तर जांभ्याच्या टोपीमुळे वरून सपाटच आहे. तरीही शाईची दौत उघडली की बहुतेकांच्या हातून हिमालयाचे टोकदार त्रिकोण उतरतात, याचं मला फार वाईट वाटतं. समोर इतकी वेगळी रेषा उभी असताना!

बसायचं ते सकाळी लवकर किंवा चारनंतर. तिरप्या उन्हात प्रत्येक कड्याची सावली खालच्या उतारावर पडते. भर दुपारी सगळा डोंगर चपटा होतो. एप्रिल-मे मला सर्वांत आवडतो. गवत वाळलेलं असतं, थर उघडे दिसतात, करवंदाच्या जाळ्या गडद ठिपक्यांसारख्या उठून येतात.

सामान थोडंच लागतं: 300 ग्रॅमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तेवढ्या वजनाचा) जलरंगाचा कागद, काळी वॉटरप्रूफ शाई, एक मध्यम गोल कुंचला, एक बोरू, तीन वाट्या. वॉटरप्रूफच घ्या, म्हणजे वाळलेल्या थरावर दुसरा थर दिला तरी खालचा सुटत नाही. मात्र ती फाउंटन पेनात कधीही भरू नका, पेन कायमचं तुंबतं.

पहिल्या वाटीत पाण्यात शाईचे दोन-तीन थेंबच टाका, दुसरीत कोऱ्या चहाइतका गडदपणा आणा, तिसरीत निखळ शाई ठेवा. प्रत्येक छटा त्याच कागदाच्या तुकड्यावर लावून, वाळवून बघा. वाळल्यावर ती फिकी पडते, त्यामुळे ओल्या छटेवर विश्वास ठेवायचा नाही.

आता खरं काम, आणि ते शाई लावण्याआधीचं आहे: कोरं काय राहणार ते ठरवा. शाईत पांढरा रंग नसतो, कागदच ऊन असतो. पेन्सिलीनं अगदी हलक्या हातानं उन्हातले उतार आखून घ्या आणि तिथे शेवटपर्यंत कुंचला नेऊ नका. मी आकाशही बहुधा तसंच सोडते.

मागची रांग पहिल्या वाटीतून, एका दमात, बाह्यरेषा न काढता. ती पूर्ण वाळू द्या. मग मधल्या डोंगराचे कडे दुसऱ्या वाटीतून, आडव्या तुटक पट्ट्यांत. जवळचा जांभा आणि सुकं गवत यांसाठी कुंचला फडक्यावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि आडवा धरून ओढा. कागदाचा खरखरीतपणा आपोआप दगड होतो. शेवटी बोरू. त्याचं तिरकं छाटलेलं टोक फिरवलं की एकाच ओढीत जाड-बारीक रेषा मिळते. निबेची एकसारखी रेषा मला या डोंगरांना फार नीटस वाटते. निखळ काळं फक्त दोन-तीन जागी ठेवा: कड्याखालची घळ, एखादी जाळी.

अडलात तर दोन चित्रकार पाहा. राम कुमार 1960 मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्यासोबत बनारसला गेले. पुढे त्यांच्या चित्रांतून माणसं गेली आणि घाट, घरं, पाणी यांचे ठोकळे उरले. बिनोदबिहारी मुखर्जींनी शांतिनिकेतनजवळची खोवाईची झिजलेली जांभी जमीन रंगवली, आणि 1937-38 मध्ये जपानलाही जाऊन आले. त्यांच्याकडे मोकळी जागा चित्राइतकीच बोलते. या दोघांच्या रेषेची नक्कल करू नका. त्यांनी काय गाळलं ते मोजा, आणि तुमच्या चित्रातलं घर, विजेचा खांब, वळणाचा रस्ता यांपैकी काय नसलं तरी डोंगर उभा राहील ते तपासा.

कुंचला मात्र लगेच धुवा, चित्र न्याहाळायच्या आधी. ही शाई केसांच्या मुळाशी वाळली की पाण्यानं निघत नाही.