गाडीचा गुरुत्वमध्य मोजायला शिकताना

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे एक काम आलं: एका छोट्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंचीवर आहे ते मोजायचं. सूत्र पाठ होतं, चार वजनकाटे हाताशी होते. अर्ध्या दिवसात उत्तर काढलं, ४८४ मिलिमीटर. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तेच काटे आणि तोच कोन घेऊन पुन्हा मोजलं, तर ५४८. मधल्या रात्री गाडीला कोणी हातही लावला नव्हता. हे ६४ मिलिमीटर कुठून आले ते शोधण्यात माझे तीन आठवडे गेले. चाचणी विभागात नव्याने येणाऱ्यांचे किंवा स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या विद्यार्थ्यांचे ते आठवडे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी सोपा भाग. गुरुत्वमध्य पुढे-मागे कुठे आहे हे सपाट जमिनीवरच्या वजनावरून कळतं. आमच्या गाडीचं वजन १२०० किलो आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २.५ मीटर होता. पुढच्या चाकांवर मिळून ७२० किलो, मागच्यांवर ४८०. मागचं वजन गुणिले व्हीलबेस भागिले एकूण वजन केलं की गुरुत्वमध्य पुढच्या ॲक्सलपासून १ मीटर मागे आहे हे मिळतं. डावी-उजवी बाजूही तशीच, फक्त व्हीलबेसच्या जागी दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅक, घ्यायचा.

इथे नवीन माणूस एका गोष्टीने हमखास घाबरतो, मीही घाबरलो होतो. गाडी काट्यांवरून उतरवून पुन्हा चढवली की प्रत्येक चाकाचा आकडा बदलतो. डावं पुढचं चाक आठ किलोंनी वाढतं, उजवं पुढचं तेवढंच कमी होतं, मागे नेमकं उलट. काटे बिघडलेत असं वाटतं. पण चार पायांच्या टेबलाचा एक पाय जरा उंच जमिनीवर आला तर काय होतं ते आठवा. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पायांवर भार वाढतो, उरलेल्या दोघांवर कमी होतो. चार चाकांचे चार अज्ञात भार आणि समतोलाची समीकरणं तीनच, त्यामुळे एखादा काटा दोन मिलिमीटर उंच बसला तरी भार कर्णाकर्णाने सरकतो. पुढच्या दोघांची बेरीज मात्र हलत नाही, आणि पुढचा-मागचा ट्रॅक सारखा असेल तर डाव्या दोघांचीही नाही. गुरुत्वमध्यासाठी आपल्याला बेरजाच हव्या असतात. तरीही काटे एका पातळीत लावाच. पाणी भरलेली पारदर्शक नळी त्यासाठी पुरते. चढवल्यावर गाडी थोडी मागेपुढे ढकला आणि बॉनेट दाबून सोडा, म्हणजे टायरमध्ये अडकलेला ताण सुटतो.

आता उंची. सपाट गाडी कितीही अचूक तोललीत तरी उंचीबद्दल ती काहीच सांगत नाही. त्यासाठी गाडी तिरपी करावी लागते. मागची चाकं उचलली की चाकांच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेच्या वर असलेला गुरुत्वमध्य पुढे झुकतो आणि पुढच्या काट्यांवरचं वजन वाढतं. वाढलेलं वजन गुणिले व्हीलबेस, त्याला एकूण वजन आणि कोनाचा टॅन्जंट यांच्या गुणाकाराने भागायचं. जी उंची मिळते ती चाकाच्या मध्यापासूनची. जमिनीपासूनची हवी असेल तर भाराखाली दबलेल्या चाकाच्या मध्याची उंची तीत मिळवायची. टायरच्या मापावरून काढलेली त्रिज्या इथे वापरू नका, दबलेलं चाक तिच्यापेक्षा सहज दहा-पंधरा मिलिमीटर खाली असतं आणि ती सगळी चूक थेट उत्तरात उतरते.

सूत्र दोन ओळींचं आहे. त्यात आकडे घालून बघितले की या कामाची खरी अडचण दिसते. आमच्या गाडीचा गुरुत्वमध्य चाकाच्या मध्यापासून २५० मिलिमीटर वर आहे असं धरा. ६ अंशांच्या कोनाला पुढचं वजन फक्त साडेबारा किलोंनी वाढतं. ७२० किलोंचे ७३२.५ होतात आणि आपल्याला हवी ती सगळी माहिती त्या वरच्या साडेबारा किलोंत असते. त्यात अर्ध्या किलोची चूक झाली तर उंची १० मिलिमीटरने चुकते. माझ्या दोन दिवसांच्या उत्तरांमधले ६४ मिलिमीटर म्हणजे काट्यावरचे जेमतेम सव्वातीन किलो होते. हे गणित मी चाचणीच्या आधी केलं असतं तर ६ अंशांवर मोजायला गेलोच नसतो. १० अंशांना फरक २१ किलोंचा होतो, २० अंशांना जवळपास ४४ किलोंचा. काट्यावरच्या तेवढ्याच चुकीचा उत्तरावरचा परिणाम ६ अंशांच्या तुलनेत १० अंशांना साधारण साठ टक्के उरतो, २० अंशांना तीस टक्क्यांहून कमी. पण २० अंशांसाठी मागचा ॲक्सल साडेआठशे मिलिमीटर वर न्यावा लागतो, आणि तेवढी जागा व तेवढं धाडस दोन्ही आधी जमवावं लागतं.

ते सव्वातीन किलो आले कुठून? मी सुरक्षिततेचा विचार करून हँडब्रेक ओढला होता आणि गिअरही टाकला होता. उचलण्याच्या टेबलावर मागची चाकं वर जात होती, पुढची काट्यांवर उभी होती. गाडी तिरपी होते तसं दोन ॲक्सलमधलं आडवं अंतर कमी होतं. ६ अंशांना ते जवळजवळ १४ मिलिमीटरने घटतं. चाकं मोकळी असती तर तेवढी सरकून जागेवर आली असती. ती बांधलेली होती, म्हणून टायर ताणले गेले आणि पुढच्या व मागच्या चाकांखाली एकमेकांविरुद्ध आडवी बलं तयार झाली. सपाट गाडीत अशी बलं एकाच पातळीत असतात, त्यामुळे काट्यांच्या बेरजेत दिसत नाहीत. इथे मात्र ती २६० मिलिमीटरच्या अंतराने वर-खाली होती. त्या जोडीने गाडी मागच्या बाजूला फिरवायला घेतली आणि पुढचं वजन खोटंच घटलं. तीसेक किलोंचं आडवं बल त्यासाठी पुरे होतं. पहिल्या दिवशी ताण होता. दुसऱ्या दिवशी टायर थोडा घसरून तो सुटला असावा.

आमच्या वरिष्ठांनी माझी वही चाळली आणि एकच विचारलं, "अरे, पुढची चाकं हाताने फिरतात का ते बघितलंस?" बघितलं नव्हतं. तेव्हापासूनची रीत अशी आहे: वर गेलेली मागची चाकं टेबलाला नीट जखडायची, पुढची काट्यांवर पूर्ण मोकळी ठेवायची. न्यूट्रल, ब्रेक नाही. पुढच्या चाकांपुढे पाचर असतेच, पण चाकापासून बोटभर अंतर राखून. सुरक्षिततेचा पट्टाही लावायचा, फक्त आकडा घेताना तो सैल आहे हे हाताने चाचपून पाहायचं, कारण ताणलेला पट्टा वजन उचलून धरतो. तिरप्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, नट पडला तरी नाही.

दुसरा मोठा चोर सस्पेन्शन. मागचा भार कमी झाला की मागच्या स्प्रिंग लांबतात, पुढच्या दबतात, आणि बॉडी चाकांच्या रेषेपेक्षा जास्त झुकते. पुढे-मागे पाच-पाच मिलिमीटर हललं तरी १० अंशांच्या चाचणीत उंची दोनएक टक्क्यांनी जास्त दिसते. ही चूक नेहमी एकाच दिशेने होते, म्हणून दहा वेळा मोजून सरासरी काढल्याने ती जात नाही. उपाय एकच, सस्पेन्शन गोठवणं. गाडी सपाट उभी असताना शॉक ॲब्सॉर्बरची जी लांबी असते त्याच लांबीचे लोखंडी दांडे त्यांच्या जागी बसवायचे. ते शक्य नसेल तर बॉडी आणि ॲक्सल यांच्यात लाकडी ठोकळे घालून वरून पट्ट्याने आवळायचं. नुसता ठोकळा दबणं थांबवतो, लांबणं थांबवत नाही. कोनमापकही बॉडीवर चिकटवून विसंबू नका. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांची उंची मोजा, फरकाला व्हीलबेसने भागा, कोनाचा साइन मिळाला.

इंधनाची टाकी अर्धी भरलेली नको. वीस लिटर पेट्रोल म्हणजे साधारण १५ किलो. गाडी तिरपी झाल्यावर ते दहा सेंटिमीटर पुढे सरकलं तर काट्यावर अर्धा किलोहून थोडं जास्त दिसतं, १० अंशांना म्हणजे सात मिलिमीटर. काठोकाठ भरा नाहीतर रिकामी करा. सुटी हत्यारं, सीटवरची पाण्याची बाटली, पुढे सरकू शकणारी सीट, सगळं बघून घ्या.

यानंतर जे शिकलो ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: एका कोनावर विसंबायचं नाही. पुढच्या काट्यांवरचं वजन टॅन्जंटच्या पटीत वाढतं आणि हे नातं अगदी सरळ रेषेचं आहे. म्हणून ४, ८, १२, १६, २० अशा अंशांवर चढताना मोजा, उतरताना त्याच कोनांवर पुन्हा मोजा आणि वाढलेलं वजन विरुद्ध टॅन्जंट असा आलेख काढा. आमच्या गाडीसाठी रेषेचा उतार १२० किलो यायला हवा होता, उंची त्या उतारात असते. आलेख बिघाडही दाखवतो. बिंदू वर वळत गेले तर आत काहीतरी सरकतं आहे, बहुतेक वेळा सस्पेन्शन किंवा इंधन. चढतानाची आणि उतरतानाची रेषा वेगळी पडली तर कुठेतरी घर्षण अडकलं आहे, चाकं पाहा. रेषा सरळ आहे पण शून्यातून जात नाही, तर सपाट गाडीचं पहिलं वजनच चुकलं. शक्य असेल तर गाडीचं तोंड फिरवून पुढचा ॲक्सल उचलूनही मोजा. दोन्हीकडून उंची जुळली की मगच मी आकड्यावर सही करतो.

ही पद्धत आयएसओ १०३९२ या मानकात दिलेली आहे. ते वाचाच, पण त्याआधी स्थितिकीचं (स्टॅटिक्सचं) पुस्तक काढून तिरप्या गाडीची बलाकृती, म्हणजे तिच्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती, स्वतः काढा. मुलाखतीला येणारे बरेच जण सूत्र सांगतात. ते कुठून आलं आणि चाकं मोकळी असल्याचं गृहीतक त्यात कुठे लपलं आहे हे सांगणारा माणूस मला लगेच घ्यावासा वाटतो. सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं.

या आकड्याची वाट कोण पाहत असतं तेही माहीत असू द्या. ब्रेक लावताना मागून पुढे किती भार जातो ते या उंचीवर ठरतं. गाडीचा वेग ०.८ जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) एवढ्या दराने कमी होत असेल आणि उंची ५५० मिलिमीटर असेल तर आमच्या गाडीत २११ किलो पुढे जातात, त्यावरून पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी ठरते. गाडी उलटण्याचा धोकाही ट्रॅक भागिले दुप्पट उंची या गुणोत्तरावरून जोखतात. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००१ पासून दिलेलं उलटण्याबद्दलचं स्टार रेटिंग याच गुणोत्तरावर उभं राहिलं. म्हणून अहवालात नुसतं '५५०' लिहू नका. '५५० अधिक-उणे ८, टाकी भरलेली, चालक नाही, सस्पेन्शन गोठवलेलं' असं लिहा. चालक बसला की उंची बदलते, छतावर सामान बांधलं की आणखी बदलते, आणि ब्रेकचं गणित करणाऱ्याला तुमची गाडी कोणत्या स्थितीत होती हे दुसरं कोणी सांगणार नसतं.

शेवटचा कोन मोजून झाला की सगळ्यांना आवराआवरीची घाई असते. तेव्हा गाडी पुन्हा सपाट आणून आणखी एकदा तोला. पुढची बेरीज सकाळच्या ७२० वर अर्ध्या किलोच्या आत परत आली नाही, तर त्या दिवसाचं पान मी वहीत ठेवतो, त्यावर तिरकी रेघ मारतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यापासून सुरुवात करतो.