गावी चार-सहा महिने राहायला चाललात? या चुका टाळा

एक नोकरी सुटली, दुसरी लागायची आहे. परीक्षा झाली, निकाल लागायचा आहे. अशा मधल्या काळात पुण्या-मुंबईतली खोली सोडून पोरं-पोरी अमळनेर, चोपडा, शिरपूरकडे येतात. भाडं वाचतं, आईच्या हातचं मिळतं. पण बेत फसलाच तर तो बहुधा पहिल्या पंधरवड्यातच फसतो.

किती दिवस आहात, ते न सांगणं

ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. "बघू" एवढंच म्हटलं की घर आपापल्या परीने अर्थ लावतं. आधी भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा पाहुणचार होतो, मग तुम्ही कायमचे परत आलात असं धरून काका स्थळं सुचवायला लागतात. तारीख ठरलेली नसली तरी "दिवाळीपर्यंत आहे" एवढं सांगा. ओट्यावरून "आते काय करी ऱ्हायना रे भाऊ?" हा प्रश्न येणारच. त्याचं एक उत्तर ठरवा आणि आईलाही सांगून ठेवा. गिरणीत, देवळात, भाजी घेताना तुमच्यापेक्षा जास्त वेळा तिलाच विचारलं जातं. दोघांची उत्तरं वेगळी निघाली की गावाला महिनाभराचा विषय मिळतो!

मे महिन्याला हलक्यात घेणं

भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे शहरात चार वर्षं राहिलं की विसरायला होतं. त्यात भरदुपारी ऑनलाइन मुलाखत, वर पत्रे आणि नेमकी लाइट गेलेली. मुलाखतीची वेळ सकाळची मागून घ्या. इन्व्हर्टरवर पंख्याबरोबर राउटरही जोडा. मोबाइलवर दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांत बहिणी-आत्या माहेरी आलेल्या असतात, गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतात. तेव्हा "मला शांत खोली हवी" हा हट्ट चालत नाही. पहाटेचे तीन तास आपले, हे धरून चला.

नोकरी सुटताना मिळालेले सेटलमेंटचे पैसे शेतात घालणं

आठवडाभर बांधावर फिरलं की केळी लावायची हुक्की येते. केळीचं पीक हातात यायला साधारण वर्ष लागतं आणि तुम्ही असणार चार महिने. टिश्यूकल्चरची रोपं, ठिबक, खत यांचा खर्च आधी होतो. भाव काय मिळेल ते कापणीच्या वेळी कळतं. मधल्या काळात राखण करणार वडीलच. त्यांनी मागितलं तर द्या, स्वतःहून धाडस नको.

त्यापेक्षा घरातलं रखडलेलं एखादं काम अंगावर घ्या आणि जाण्याआधी तडीस न्या. सातबाऱ्यावरची वारसनोंद, आजीच्या बँक खात्याचं केवायसी, असं काहीतरी. खरिपात आलात तर ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी ॲपवर पिकाची नोंद, करून द्या. ॲपमध्ये शेतात उभं राहूनच पिकाचा फोटो काढावा लागतो. लोकेशन मिळेना, ओटीपी येईना, यात वडिलांचा अख्खा दिवस जातो, तुमचा तासभर जाईल. फक्त कामाच्या नावाखाली रोजचे ड्रायव्हर होऊ नका. "तू रिकामाच आहेस ना" हे वाक्य एकदा सुरू झालं की थांबत नाही.

कागदपत्रं मागे सोडून येणं

कंपनीचा आरोग्य विमा सहसा नोकरीसोबतच संपतो. त्यात आई-वडील असतील तर त्यांचंही कवच जातं. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे राजीनाम्याच्या नोटीस काळातच विचारा. पीएफ लगेच काढू नका, पाच वर्षं सलग पूर्ण होण्याआधी काढलेल्या रकमेवर साधारणपणे कर लागतो. अनुभवपत्र आणि पगाराच्या पावत्या कंपनीचा ई-मेल बंद व्हायच्या आत उतरवून घ्या.

आणि परतीचं तिकीट. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. भाऊबीज झाली की सगळा खानदेश पुण्या-मुंबईकडे निघतो. तारीख नक्की नसली तरी एक तिकीट काढून ठेवा, रद्द करता येतं.