आरोग्य विम्याच्या अर्जातील तंबाखूचा रकाना: या चुका टाळा

आरोग्य विम्याच्या अर्जात तंबाखूविषयी एक रकाना असतो आणि बहुतेक लोक तेथे 'नाही' लिहून पुढे सरकतात. त्या सगळ्यांनाच खोटे बोलायचे असते असे नाही. प्रश्न नेमका काय आहे, हे अनेकांनी वाचलेलेच नसते. विमा प्रतिनिधी म्हणून मी हा एकच रकाना इतक्या वेळा चुकीचा भरलेला पाहिला आहे की, अर्ज हातात आला की माझी नजर आधी तेथेच जाते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रश्न केवळ सिगारेटचा आहे असे समजणे. अर्जात बहुधा 'कोणत्याही स्वरूपातील तंबाखू' असे शब्द असतात आणि काही अर्जांत निकोटीनचाही स्पष्ट उल्लेख असतो. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. एकूण प्रौढांत धूम्रपान करणारे अवघे 3.8 टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. म्हणजे आपल्याकडची बहुतांश तंबाखू चुन्याच्या डबीसोबत, विदर्भातल्या खर्ऱ्यात आणि मिश्रीच्या डब्यात आहे, आणि ती वापरणारे लोक 'मी सिगारेट ओढत नाही' असे अगदी प्रामाणिकपणे सांगतात.

एका परिचिताच्या आईची पॉलिसी मीच काढून दिली होती. अर्ज भरताना मी फोनवर मुलाला विचारले, "काकू तंबाखू वगैरे खात नाहीत ना?" शेवटी 'नाहीत ना' लावून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच येणार. ते आले, मी खूण केली, त्याने मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला आणि आठ मिनिटांत काम संपले. काकू 30 वर्षे दिवसातून तीनदा मिश्री लावत होत्या, पण त्या घरात मिश्रीला कोणी तंबाखू म्हणतच नव्हते. दुसऱ्या वर्षी गालाच्या आतील चट्ट्यासाठी त्यांची शस्त्रक्रिया झाली. दाखल करून घेताना निवासी डॉक्टरांनी विचारले, काकूंनी सरळ सांगितले आणि केसपेपरवर 30 वर्षांची मिश्री नोंदली गेली. कंपनीने अर्ज आणि केसपेपर शेजारी ठेवले, 1,40,000 रुपयांचा दावा नाकारला आणि पॉलिसीही रद्द केली. आम्ही विमा लोकपालांकडे गेलो. तेथे तक्रारीला शुल्क लागत नाही, पण अर्जातील उत्तराला ओटीपीने संमती दिलेली होती आणि त्यापुढे आमच्याकडे बोलण्यासारखे काही नव्हते. अर्जात महत्त्वाची वस्तुस्थिती उघड करणे ही विमा घेणाऱ्याची जबाबदारी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मेडिक्लेमच्या एका प्रकरणात 2009 मध्येच स्पष्ट केले होते. काकूंनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

तेव्हापासून मी पदार्थांची नावे घेऊन विचारतो: मिश्री, तपकीर, मावा, खर्रा, गुटखा, विडी, सिगारेट, हुक्का, व्हेप म्हणजेच ई-सिगारेट. शिवाय ज्याचा विमा त्याच्याच तोंडून उत्तर घेतो. सासऱ्यांच्या सवयी जावयाकडून ऐकून लिहीत नाही. याला वेळ लागतो आणि 'पाच मिनिटांत पॉलिसी' हवी असलेली मंडळी वैतागतात. वैतागू द्यावे.

व्हेप ओढणाऱ्या तरुणांचे म्हणणे असते की ती नुसती वाफ आहे. त्या वाफेत निकोटीन असेल, तर शरीर त्याचे कोटिनीन करते आणि तपासणी या कोटिनीनचीच होते. ते सिगारेटमधून आले, व्हेपमधून आले की मिश्रीतून, हे ती चाचणी सांगत नाही. मुदत विम्यात (ठरावीक वर्षांच्या जीवन विम्यात) ही तपासणी अधिक प्रचलित आहे, परंतु आरोग्य विम्याच्या वैद्यकीय तपासणीतही कंपनी ती मागू शकते. काही जण वेगळ्याच कारणाने गप्प राहतात: 2019 च्या कायद्याने देशात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी घातली आहे, मग अर्जात कबुली कशी द्यावी, असे त्यांना वाटते. त्यांची अडचण मला समजते, पण विमा कंपनी प्रकृतीविषयी विचारत असते आणि बेकायदा वस्तूचे निकोटीन रक्तात वेगळे वागत नाही. ज्याला हे लिहिणे जड जाते, त्याने आधी व्हेप सोडावे आणि विमा त्यानंतर घ्यावा.

तपासणीआधी दोन दिवस बंद ठेवण्याची युक्ती तर मला दर महिन्याला कोणीतरी नव्याने शोधून सांगतो. निकोटीन सुमारे दोन तासांत निम्मे होते हे खरे, पण कोटिनीनला निम्मे व्हायला 16 तासांच्या आसपास लागतात आणि नियमित सेवन करणाऱ्याच्या लघवीत ते कित्येक दिवस सापडते. याउलट, ज्याने खरोखर सोडले आहे आणि जो निकोटीनचे च्युइंगम किंवा पट्टी वापरतो, त्याचीही चाचणी सकारात्मक येऊ शकते. अशा माणसाने डॉक्टरांची चिठ्ठी अर्जासोबतच जोडावी. निकाल आल्यानंतर दिलेले स्पष्टीकरण सबबीसारखे दिसते.

या सगळ्या लपवाछपवीमागे हप्ता वाढण्याची भीती असते आणि ती बऱ्याचदा मुदत विम्यावरून आलेली असते. मुदत विम्यात धूम्रपान करणाऱ्यांचे दरच वेगळे असतात. आरोग्य विम्यात कंपनी अर्ज पाहून लोडिंग (हप्त्यावरील जादा आकार) लावायचे की नाही ते ठरवते, कधी काहीच लावत नाही, कधी अर्ज नाकारतेही. लावले तर पॉलिसी देण्याआधी तुमची संमती घ्यावी लागते. समजा 20,000 रुपयांच्या हप्त्यावर 20 टक्के लोडिंग लागले, तर वर्षाला 4,000 रुपये अधिक जातील. काकूंच्या एका शस्त्रक्रियेच्या रकमेत असे लोडिंग 35 वर्षे भरता आले असते.

'पाच वर्षे गेली की कंपनी काही करू शकत नाही' असा सल्ला देणारे प्रतिनिधीही आहेत. 60 महिन्यांच्या सलग विम्यानंतर माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही हे 2024 पासून खरे आहे, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे, आणि वाढवलेल्या विमा रकमेसाठी ती मुदत नव्याने मोजली जाते. शिवाय त्या पाच वर्षांत आजारी पडायचे नाही, हे कोणाच्या हाती आहे?

पोर्टिंग करताना, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेताना, नवा अर्ज भरावा लागतो. तेथे जुनी उत्तरे उतरवून काढू नयेत. 'कधीतरी' असे लिहू नये, आठवड्यातून किती ते लिहावे. नोकरीच्या गटविम्यात बहुधा हा प्रश्नच नसतो, म्हणून वैयक्तिक पॉलिसीतही तो महत्त्वाचा नाही असे समजू नये.

रुग्णालयातील एक चूक मात्र नातेवाइकांची असते. घाबरलेला भाऊ अपघात विभागात 'फार वर्षांपासून ओढतो' असे म्हणून जातो आणि दोन वर्षांची सवय केसपेपरवर दीर्घकालीन होऊन बसते. आकडा माहीत नसेल तर सांगू नये. चुकीचा लिहिला गेला असेल तर घरी सोडण्यापूर्वीच उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी दुरुस्ती मागावी, कारण दावा नाकारल्यानंतर आणलेल्या दाखल्याकडे कंपनी संशयानेच पाहते.

पॉलिसी हाती आल्यावर ती रद्द करण्यासाठी 30 दिवस मिळतात. त्या मुदतीत मी प्रत्येकाला अर्जाची प्रत काढायला लावतो, तंबाखूच्या रकान्यात काय छापले आहे ते त्यालाच मोठ्याने वाचायला सांगतो, आणि उत्तर चुकलेले असेल तर त्याच दिवशी कंपनीला दुरुस्तीचा ई-मेल पाठवायला लावतो.